द्राक्षं, गोळ्या आणि तीन बोटं

मुदतठेव मुदतीआधी मोडायला आलेल्या माणसाला कारण विचारू नये, असा बँकेत एक अलिखित संकेत असतो. तरी कारण कळतंच. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी तर ते अर्ज लिहून होण्याआधी कळतं. मुलीचं लग्न, बोअरला पाणी लागलं नाही, गारपिटीत बाग झोपली, भावाभावांत वाटणी झाली. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत या यादीत आणखी एका कारणाची भर पडत गेली, आणि ते कोणी मोठ्यानं सांगत नसे. "घरात जरा आजारपण आहे, मॅडम." घरात म्हणजे बायकोला. जरा म्हणजे कॅन्सर. "छातीत गाठ निघाली" हे वाक्य अगदी शेवटी येई, पासबुक पिशवीत टाकताना, खाली बघून.

त्या गाठीविषयी लिहिण्याचा अधिकार खरं तर डॉक्टरांचा. मी बँकेत आयुष्य काढलेली, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. पण या विषयात वर्तमानपत्रांतून, देवळांतून, भिशीतून आणि आता हातातल्या फोनमधून इतका सल्ला वाहतो आहे, की ताळेबंद वाचायची सवय असलेल्या कोणीतरी त्यातली जमा आणि नावे बाजू एकदा मांडून बघावी असं वाटलं. कोणत्या गोष्टीला पुरावा आहे, कोणत्या गोष्टीला नुसताच बोलबाला आहे, एवढंच.

आमच्याकडे बचत गटाची एक अध्यक्ष यायची. मोहाडीच्या बाजूची, तीन एकर द्राक्षबाग, हिशेबाला चोख. तिला गाठ लागली ती ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत, आंघोळ करताना. वाटाण्याएवढी होती, दुखत नव्हती. "दुखली असती तर गेलेच असते ना, मॅडम," असं ती मला नंतर म्हणाली. छाटणी झाली, मग फेलफुटी काढणं आलं, मग डिपिंग, विरळणी, थंडीतली भुरी, मग माल काढणी. डॉक्टरकडे ती गेली एप्रिलात, व्यापाऱ्याचा हिशेब चुकता झाल्यावर. सहा महिने. आपल्या भाषेत याला दुखणं अंगावर काढणं म्हणतात.

पण ती या सहा महिन्यांत स्वस्थ बसली होती, असं मात्र नाही. जावेच्या ओळखीतल्या एका बाईकडून तिनं ताकदीच्या पावडरीचे तीन डबे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. साखळी पद्धतीनं विकतात त्यातल्या. गाठ "विरघळते", असं तिला सांगण्यात आलं होतं. म्हणजे बाईला काळजी होती. काळजीपोटी तिनं पैसाही काढला होता, आणि तोही स्वतःच्या बचतीतला, नवऱ्याला न विचारता. फक्त तो पैसा डब्यात गेला. तपासणीला लागला नाही. ती वाचली. एक स्तन गेला, केमोथेरपीत केस गेले, केस परत आले, आणि गटाचे हप्ते ती आजही वेळेवर भरते. ऑक्टोबरात गेली असती तर कदाचित गाठीपुरती शस्त्रक्रिया होऊन स्तन वाचला असता. त्याला आज कोण काय म्हणणार?

तेव्हा आधी डब्यांचं आणि गोळ्यांचं बघू.

फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्या माणसांत काही कॅन्सर कमी दिसतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ पाहण्यांतून लक्षात आलं होतं. त्यावरून शास्त्रज्ञांनी एक सरळ तर्क केला: भाज्यांतलं जे गुणकारी द्रव्य असेल ते काढावं, गोळीत भरावं आणि द्यावं. तर्कात वावगं काही नव्हतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. काहींना गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन दिलं, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती पोकळ गोळी. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी नव्हे, जास्त निघाला. अमेरिकेत असाच एक प्रयोग १८,३१४ लोकांवर चालू होता. तो १९९६ साली मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण तिथेही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी अधिक होता. हे फुप्फुसाचं झालं, स्तनाचं नव्हे, हे कबूल. पण ज्या विश्वासावर सगळी बाटलीबंद जीवनसत्त्वं विकली जातात, त्या विश्वासाचाच पाया इथे खचला. गाजर म्हणजे बीटा-कॅरोटीन नव्हे. गाजरात आणखी शेकडो गोष्टी असतात, आणि गाजर खाणारा माणूस इतरही काही वेगळं करत असतो.

स्तनाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अभ्यासातून आला. पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना सात वर्षं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना पोकळ गोळी. गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर ५२८ जणींना झाला, न घेणाऱ्यांत ५४६ जणींना. इतक्या मोठ्या संख्येत हा फरक नसल्यात जमा. पुढे जास्त मात्रेनं, रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व देऊन २५,८७१ स्त्री-पुरुषांवर आणखी एक चाचणी झाली. तिचे निकाल २०१८ च्या अखेरीस आले. एकूण कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता खरोखरच खूप आहे आणि हाडांसाठी डॉक्टरांनी ते दिलं तर अवश्य घ्यावं. पण ते कॅन्सरचं कवच म्हणून कोणी विकत असेल, तर ती पावती खोटी आहे.

आता द्राक्षाकडे येतो, कारण दिंडोरीत राहून द्राक्षाला वळसा घालून जाता येत नाही. "आपण रोज द्राक्षं खातो, आपल्याला कसला कॅन्सर," हे वाक्य मी आमच्या तालुक्यात निदान वीस वेळा ऐकलं असेल, आणि त्यामागे अगदीच काही नाही असंही नाही.

या समजुतीची एक जुनी मुळी दक्षिण आफ्रिकेत आहे. जोहाना ब्रँट नावाच्या बाईंनी १९२८ साली 'द ग्रेप क्युअर' हे पुस्तक लिहिलं. उपास आणि नुसत्या द्राक्षांवर राहून आपला पोटाचा कॅन्सर बरा झाला, असा त्यांचा दावा होता. निसर्गोपचाराच्या पुस्तिकांतून ती कल्पना जगभर फिरली. मी नोकरीत असताना तिचं मराठी रूप एका ग्राहकानं मला मोठ्या प्रेमानं झेरॉक्स करून दिलं होतं. दाव्याला कसलाही आधार कधी सापडला नाही, आणि आधीच खंगलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे नुसत्या द्राक्षांवर ठेवणं हा उपचार म्हणायचा की उपासमार?

दुसरी मुळी मात्र प्रयोगशाळेतली आहे. १९९७ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात शिकागोच्या संशोधकांनी द्राक्षातल्या रेसव्हेराट्रॉल या द्रव्याविषयी लिहिलं. उंदरांच्या कातडीवर कॅन्सरच्या गाठी येण्याला ते आळा घालतं, असं त्यांना दिसलं होतं. बातमी जगभर गाजली. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हेच द्रव्य पेशींवर काहीसं स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरपेशी त्यानं वाढूही शकतात. ही दुसरी बातमी कोणी पोचवली नाही. शिवाय मात्रेचा हिशेब आहेच. हे द्रव्य द्राक्षाच्या गरात नसतं, सालीत असतं. लाल वाइनमध्ये ते लिटरला काही मिलिग्रॅम निघतं. प्रयोगांत दिल्या जाणाऱ्या एका ग्रॅमची बरोबरी करायची तर शेकडो बाटल्या रिचवाव्या लागतील. आणि पोटात गेलेलं रेसव्हेराट्रॉल यकृत झपाट्यानं मोडून टाकतं, ते वेगळंच. याच द्रव्यावर आणि हृदयावर लेखांमागून लेख लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांनी आकृत्या आणि आकडे बनावट घातल्याचं विद्यापीठाच्या चौकशीनं २०१२ साली जाहीर केलं. मला ते वाचून बोगस जामीनदार उघडकीला आल्यासारखं वाटलं होतं.

वाइनचं तर उलटंच आहे. आमच्या गावाचं नाव 'दिंडोरी रिझर्व्ह' म्हणून सुलाच्या बाटलीवर छापून देशोदेशी गेलं, त्याचा मलाही अभिमान आहे. तालुक्यात पैसा आला, रस्ते आले. पण मद्य हे स्तनाच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, हे त्याच अभिमानानं सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला कॅन्सरकारक ठरवलं ते १९८८ साली, आणि त्यात स्तनाच्या कॅन्सरचा समावेश केला २००७ मध्ये. रोजच्या दर दहा ग्रॅम मद्यार्कामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. दहा ग्रॅम म्हणजे वाइनचा शंभर-सव्वाशे मिलिलिटरचा एक लहान पेला. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायच्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयावरून केवढं रण माजलं! संस्कृती बुडणार, शेतकरी तरणार, असं दोन्हीकडून बोललं गेलं. स्तनाच्या कॅन्सरचा शब्द त्या वादात कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

मग खावं काय? खरं उत्तर थोडं निराश करणारं आहे. अमुक एक पदार्थ खाल्ला म्हणजे स्तनाचा कॅन्सर टळतो, असा पदार्थ अजून सापडलेला नाही. हळद नाही, जवस नाही, ग्रीन टी नाही, आणि आमच्या पेठ-सुरगाण्याची नागलीही नाही, जरी नागली मला स्वतःला फार प्रिय आहे आणि लोह-कॅल्शियमसाठी उत्तमच आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासाच्याच एका भागात ४८,८३५ स्त्रियांपैकी काहींना तेल-तूप कमी करून फळं, भाज्या, धान्य वाढवायला शिकवलं. आठ वर्षांनी त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर ९ टक्क्यांनी कमी होता. पण हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणालं. वीसेक वर्षांनंतर मात्र या आजारानं होणारे मृत्यू त्या गटात २१ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे आहाराचा उपयोग आहे, पण तो थाळीचा आहे, चिमटीभर चूर्णाचा नाही. आणि तो उपयोग दिसायला वीस वर्षं लागतात.

वजनाचं मात्र पक्कं आहे. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन करायचे थांबतात, पण अंगातली चरबी ते करतच राहते. त्यामुळे पन्नाशीनंतरचा लठ्ठपणा हा थेट धोका. हातापायांना कष्ट, रोजचं चालणं, यांचा उपयोग आहे. आमच्या बागांत राबणाऱ्या मजूर बायकांना हे सांगणं म्हणजे थट्टाच. ते बागाईतदारांच्या घरातल्या, दारात चारचाकी आल्यापासून मळ्यापर्यंतही चालत न जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी आहे.

आणि अंगावर पाजणं. इटलीतल्या रामाझिनी या वैद्यानं अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं होतं, की मठातल्या जोगिणींत स्तनाचा कॅन्सर फार दिसतो. त्याचं कोडं पुढे आकड्यांनी सुटलं. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची बेरीज २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली: प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो. सुनेला दीड-दोन वर्षं पाजू द्या, असं सांगणाऱ्या सासूबाईंना हा आकडा माहीत नव्हता, तरी त्यांचं बरोबर होतं. अर्थात सहा लेकरं पाजलेल्या बाईलाही गाठ येते. धोका कमी होतो म्हणजे शून्य होत नाही, हे विम्याचा हप्ता भरणाऱ्याला तरी समजावं.

बायका मला आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो दिंडोरीत विचारलाच जाणार. फवारणीचं काय? २०१० साली आपली द्राक्षं युरोपात एका वाढरोधकाच्या अवशेषामुळे अडकली, तेव्हा तिकडच्या खाणाऱ्याच्या पोटाची केवढी चर्चा झाली; इकडे मांडवाखाली डोक्याला फडकं बांधून उभ्या असलेल्या बाईच्या पोटाची झाली नाही. पुरावा असा आहे: न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डीडीटीसारख्या जुन्या कीटकनाशकांचा संबंध शोधला, तो २००२ पर्यंत तरी सापडला नाही. उलट कॅलिफोर्नियातल्या एका दीर्घ अभ्यासात २०१५ साली दिसलं, की आईच्या पोटात असताना जास्त डीडीटी मिळालेल्या मुलींना पुढे हा कॅन्सर होण्याचं प्रमाण जवळपास चौपट होतं. म्हणजे मोठेपणी काय अंगावर पडलं यापेक्षा ते कधी पडलं, हा प्रश्न महत्त्वाचा असावा. गरोदर बाईला फवारणीच्या दिवशी बागेत पाठवू नये, एवढं त्यातून निघतं. ते करायला निकालाची वाट बघायची गरज नाही.

इथवर जमाखर्च मांडल्यावर लक्षात येतं, की टाळण्याजोगं टाळूनही हा आजार होणाऱ्या बायका पुष्कळ उरतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो होतो आणि ९८ हजार स्त्रिया त्यानं जातात. दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. श्रीमंत देशांत हे गुणोत्तर इतकं वाईट नाही. तिकडच्या बायका काही वेगळी पावडर खात नाहीत. त्यांची गाठ लहान असताना सापडते आणि उपचार पुरे होतात, हे त्यामागचं मोठं कारण.

लवकर शोधायचं म्हटलं की पहिलं नाव मॅमोग्राफीचं येतं. स्तनाचा हा क्ष-किरण फोटो पन्नाशीपुढे उपयोगी आहे. पण त्याचीही नावे बाजू आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका स्वतंत्र समितीनं हिशेब काढला: पन्नाशीच्या दहा हजार बायकांना वीस वर्षं बोलावत राहिलं, तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींवर अशा कॅन्सरचे उपचार होतात, जो त्यांना जन्मात कधी त्रास देणार नव्हता. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि तरुण स्तन दाट असल्यानं फोटोत गाठ लपते. यंत्र, तंत्रज्ञ, फोटो वाचणारा डॉक्टर, हे सगळं नाशिकला आहे. नाशिक दिंडोरीहून पंचवीसेक किलोमीटर. पण ननाशीहून किंवा त्याच्याही पलीकडच्या पाड्यावरून निघालेल्या बाईसाठी तो रोज बुडवून करायचा एक दिवसाचा प्रवास आहे.

मग दुसरा उपाय सुचवला जातो, स्वतःच स्वतःची तपासणी. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांवर त्याचा कस लावला गेला. निम्म्यांना नीट शिकवलं, आठवण देत राहिले. दहा वर्षांनी शिकवलेल्यांत १३५ मृत्यू, न शिकवलेल्यांत १३१. २००२ साली हा निकाल आला तेव्हा पुष्कळांचा हिरमोड झाला. त्याचा अर्थ आपलं शरीर ओळखू नये असा नाही. हाताला काही वेगळं लागलं तर दुसऱ्या दिवशी दाखवायला जावं, हे कायमच खरं. पण तेवढ्यावर सरकारनं जबाबदारी संपली असं मानू नये.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते काम आपल्याच राज्यात झालं, आणि त्याची आपण पुरेशी दखल घेतली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक चाचणी सुरू केली. वीस वस्ती-गट, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. दहा गटांत दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्यांत, स्तनांची हातानं तपासणी केली. उरलेल्या दहांत एकदा माहिती दिली आणि पुढे सर्वांवर लक्ष ठेवलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या, त्यासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. साधनं म्हणजे हाताच्या मधल्या तीन बोटांचे गुबगुबीत टोक. आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल. गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत एक जागा न सोडता.

वीस वर्षांचा हिशेब २०२१ च्या फेब्रुवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेल्या गाठी तपासणीच्या गटात ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू दर लाख स्त्री-वर्षांमागे २४.६२ वरून २०.८२ वर, म्हणजे १५ टक्क्यांनी खाली. (शंभर बायका दहा वर्षं पाहिल्या की हजार स्त्री-वर्षं, आमच्याकडे मजुरीचे दिवस मोजतात तसंच.) मी हिशेबनीस असल्यानं तळटीपही सांगते: ही १५ टक्क्यांची घट योगायोगाच्या सीमारेषेच्या किंचित अलीकडे राहिली. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती, ३४.६८ वरून २४.६२; पन्नाशीच्या आतल्यांत नजरेत भरण्यासारखी नव्हती. हे वयानुसार विभाजन नंतर केलेलं आहे, त्यामुळे ते थोडं हात राखून वाचावं. तरीसुद्धा, ना यंत्र, ना वीज, ना क्ष-किरण, आणि दहावी शिकलेली शेजारची बाई: एवढ्या भांडवलावर इतका परतावा मी दुसऱ्या कुठल्या योजनेत पाहिलेला नाही.

सरकारनं यातून काही घेतलं नाही असं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हातानं स्तनतपासणी व्हावी, असं लिहिलेलं आहे; त्याच वेळी तोंडाची आणि गर्भाशयमुखाचीही. आशाताई घरोघर एक तक्ता भरते. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकार बदलला का, हे प्रश्न आहेत. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना "तुमची स्तनाची तपासणी कधी झाली आहे का" असं विचारलं, तेव्हा हो म्हणणाऱ्या देशभरात ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही.

का, ते आमच्याच तालुक्यातल्या एका आशाताईनं मला सांगितलं. "मॅडम, तक्ता मी भरते. 'गाठ आहे का?' असं ओसरीवर विचारते, सासरा तिथंच बसलेला असतो. ती नाही म्हणते. मी नाही लिहिते. आणि समजा हो म्हणाली, तर उपकेंद्रात पडदा लावून, दार लावून बघायला बाईच पाहिजे ना? असते कधी, कधी नसते." यावर मी काय बोलणार? मुंबईच्या चाचणीत प्रश्न विचारून भागवलं नव्हतं, हात लावून पाहिलं होतं. या दोन गोष्टींत ओसरी आणि आतली खोली एवढं अंतर आहे.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मात्र मला आधी सुचायला हवी अशी साधी. तपासणीचं शिबिर हमखास लागतं ते आठ मार्चला, महिला दिनाला. दिंडोरीत आठ मार्च म्हणजे द्राक्षाच्या काढणीचा ऐन भर. गाड्या भरायच्या असतात, पॅकहाऊस रात्रीपर्यंत चालू असतात, मजुरी चढलेली असते. बागाईतदारीण येत नाही आणि मजूर बाई तर नाहीच. पेठ-सुरगाण्याहून हंगामाला आलेल्या बायकांचं नाव तिकडच्या आशाच्या वहीत आणि अंग इकडच्या मांडवाखाली. त्या दोन्हीकडून सुटतात. त्या दिवशी शिबिराला येतात त्या शाळेतल्या शिक्षिका, पंचायत समितीतल्या कर्मचारी आणि मी.

श्रावण-भाद्रपदात बाग शांत असते. खरड छाटणीनंतरची काडी पिकत असते, ऑक्टोबर छाटणीला अवकाश असतो, आणि डोंगरातल्या बायका भात-नागलीची लावणी उरकून आपापल्या गावी असतात, त्यांच्याच आशाताईच्या हाताशी. तेव्हा पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस मागून घ्या, असं मी गेल्या वर्षी आरोग्य केंद्रात लेखी दिलं. उपकेंद्रात एक पडदा, आतून लागणारी कडी आणि त्या दिवसांपुरती एक शिकवलेली बाई, एवढी त्यात मागणी आहे. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. आवक क्रमांक पडलेला आहे. यंदा जुलै उजाडला की मी पुन्हा जाऊन विचारणार आहे, आणि जाताना बचत गटाच्या त्या अध्यक्षीणबाईंना बरोबर नेणार आहे. त्या हो म्हणाल्या आहेत.